पिवळं कार्ड घेतलंत, पण मलेरियाचं काय?

मे महिना उजाडला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "डॉक्टर, आम्ही जुलैत केनियाला चाललोय. ते यलो फीव्हरचं इंजेक्शन कुठे मिळतं?" जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्टचे लाखो प्राण्यांचे कळप मसाई मारात असतात. ते बघायला आपल्याकडची बरीच मंडळी ग्रुपने जातात. बहुतेक जण नुकतेच निवृत्त झालेले. मुलं मार्गी लागली, गुडघे अजून चालतायत, तोवर जग बघून घ्यावं हा विचार अगदी योग्य आहे.

मला बोलायचं आहे ते या मंडळींच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तो प्रश्न मला जवळजवळ कोणीच विचारत नाही. "डॉक्टर, मलेरियासाठी काय करायचं?"

यलो फीव्हरचं विचारतात, कारण कार्ड नसेल तर विमानतळावर अडवतील ही भीती असते. मलेरियाच्या गोळ्यांचं कार्ड नसतं आणि त्या कुठल्याही काउंटरवर कोणी बघत नाही, म्हणून तो विषय यादीत येतच नाही. प्रत्यक्षात केनियाला जाणाऱ्या भारतीय पर्यटकाच्या जिवाला यलो फीव्हरपेक्षा मलेरियाचा धोका कितीतरी जास्त आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवेशाचे नियम देशाला वाचवण्यासाठी केलेले असतात. ते सगळे पाळले म्हणजे आपण सुरक्षित झालो, असं समजू नका.

मी केलेली चूक

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. एका चुकीतून शिकलोय, आणि ती चूक माझी होती.

माझे एक जुने पेशंट, वय ६४. रक्तदाबाची एक गोळी, साखर काठावर, बाकी ठणठणीत. पत्नीसोबत केनियाला निघाले होते. जाण्याआधी ते माझ्याकडे आले. आम्ही जवळजवळ अर्धा तास बोललो. यलो फीव्हरची लस साठीनंतर घ्यावी का, अंड्याची ॲलर्जी आहे का, कोणत्या औषधांमुळे लस चालत नाही, कार्डावर पासपोर्ट क्रमांक बरोबर आहे ना, सगळं झालं. निघताना ते दाराशी गेले तेव्हा मी म्हणालो, "आणि डासांपासून जरा जपा." मलेरियाबद्दल मी एवढंच बोललो.

ते ऑगस्टमध्ये परतले. आल्यानंतर नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. तेव्हा ते मुलीकडे दुसऱ्या गावात होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त पाहिलं. प्लेटलेट्स कमी होत्या. पावसाळ्याचे दिवस, गावात डेंग्यूची साथ. डेंग्यू समजून पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि रोज प्लेटलेट्स मोजणं सुरू झालं. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ऑगस्टमधला ताप आणि कमी प्लेटलेट्स म्हटल्यावर आपल्याकडे आधी डेंग्यूच आठवतो. आफ्रिकेहून आलोय हे सांगायचं पेशंटला सुचलं नाही आणि विचारायचं कोणाला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी ते बरळायला लागले, तेव्हा मुलीने मला फोन केला. मी विचारलं, "बाबा केनियाहून येऊन किती दिवस झाले?" त्याच संध्याकाळी रक्ताच्या तपासणीत फाल्सिपेरम जातीचा मलेरिया सापडला. तोवर मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. अतिदक्षता विभाग, आर्टेसुनेटची इंजेक्शनं, दोनदा डायलिसिस. ते वाचले. आज सकाळी फिरायलाही जातात. पण त्यांच्या पत्नीने मला नंतर विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. "डॉक्टर, गोळ्या असतात हे तुम्हाला माहीत होतं ना?"

होय, माहीत होतं.

कार्ड कोण मागतं आणि का?

आधी यलो फीव्हरबद्दलचा गैरसमज काढून टाकू. बहुतेकांना वाटतं की हे कार्ड केनिया मागतो. केनियाचा नियम असा आहे की यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या एक वर्षावरील प्रवाशांकडे लसीचं प्रमाणपत्र हवं. भारत त्या देशांत मोडत नाही, कारण आपल्याकडे हा आजारच नाही. भारतातून थेट नैरोबीला उतरणाऱ्या माणसाला हा नियम मुळात लागू होत नाही.

मग कार्ड लागतं कशासाठी? परत येताना आपल्याच देशात शिरण्यासाठी. केनियात यलो फीव्हर आहे. २०२२ साली तिथल्या इसिओलो भागात त्याची साथ आली होती. हा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास म्हणजे आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा, कुंड्यांत आणि कूलरमध्ये वाढणारा, दिवसा चावणारा डास. डास इथे घरोघरी आहे, आपल्या कोणाच्याही अंगात या आजाराची प्रतिकारशक्ती नाही. कमी आहे तो फक्त विषाणू. एखादा प्रवासी तो घेऊन आला तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून भारताचे नियम या बाबतीत कडक आहेत. वैध प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून परतलात तर तो देश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत तुम्हाला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही अडचण येऊ नये म्हणून विमान कंपन्या अनेकदा निघतानाच कार्ड बघतात.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी अशा:

- लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. माझ्यासारख्या खासगी डॉक्टरकडे ती मिळत नाही. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं केंद्र आहे. सर्व मान्य केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. लस ठरावीक वारी देतात आणि हंगामात नंबर लवकर लागत नाही, म्हणून आधी वेळ घ्या.
- लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं. शनिवारी विमान आणि बुधवारी लस, असं चालत नाही.
- प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेने दहा वर्षांची मुदत काढून टाकली. जुन्या कार्डावर मुदत संपल्याची तारीख असली तरी ते वैध आहे. जुनं कार्ड हरवू नका.
- अदिस अबाबामार्गे जाणार असाल तरी कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. इथिओपियाही धोक्याच्या देशांत येतो.
- केनियातून रस्त्याने टांझानियात, सेरेंगेटीकडे जाणार असाल तर सीमेवर टांझानिया हे कार्ड मागू शकतो, कारण तुम्ही केनियातून येत असता.

ही लस सगळ्यांसाठी नाही

यलो फीव्हरची लस जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची असते. बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. थोडा ताप, अंगदुखी, एवढंच. पण काही जणांना ती देऊ नये आणि काही जणांनी विचार करून घ्यावी.

अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, केमोथेरपी चालू असणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, थायमस ग्रंथी काढलेले किंवा तिचा आजार असणारे, प्रतिकारशक्ती खूप खालावलेले एचआयव्हीबाधित, अशांना ही लस देत नाहीत. आपल्याकडे हमखास विसरला जातो तो गट म्हणजे संधिवाताचे पेशंट. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या ताईंना ते 'सांध्यांचं औषध' वाटतं. लसीच्या केंद्रावर "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की त्या "बीपीची गोळी" एवढंच सांगतात. मेथोट्रेक्सेट, जास्त डोसचं स्टिरॉइड, बायोलॉजिक इंजेक्शनं ही सगळी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं आहेत. केंद्रावर जाताना सगळ्या औषधांची चिठ्ठी न्या.

वयाची साठी ओलांडली असेल आणि लस आयुष्यात पहिल्यांदाच घेत असाल, तर गंभीर दुष्परिणामाची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. तरीही ती फार कमी, लाखात एक-दोनच्या घरात. माझं मत असं की तब्येत चांगली असेल आणि खरोखरच जंगलात जाणार असाल तर लस घ्यावी. पण "कार्डासाठी टोचून घेतो" म्हणून घेऊ नये. डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलून घ्यावी.

आता एक कटू गोष्ट. दर वर्षी दोन-चार जण मला विचारतात, "डॉक्टर, लस नको वाटते. तुम्ही ॲलर्जी आहे म्हणून लिहून द्या ना." कोणी तर "एजंट हजार-दोन हजारात कार्ड आणून देतो" असंही सांगतं. खरोखर लस चालत नसेल तर तसं पत्र मी जरूर देतो, पण ते पत्र असूनही परतल्यावर आरोग्य अधिकारी तुम्हाला विलगीकरणात ठेवू शकतात, हेही सांगतो. खोटं पत्र मी देत नाही. कारण हे कार्ड तुमच्या-माझ्यातला कागद नाही. ते तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येक लहान मुलासाठी आहे. विकतचं कार्ड घेऊन आलेला माणूस विषाणू घेऊन आला, तर त्याची किंमत दुसरेच मोजतील.

जे कोणी विचारत नाही, ते मलेरियाचं

"अहो डॉक्टर, मलेरिया काय आपल्याला नवीन आहे? लहानपणापासून डास चावतायत." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं उत्तर पाठ आहे.

मुंबई-पुण्यात आपण ज्याला मलेरिया म्हणतो तो बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा असतो. तो माणसाला बेजार करतो, पण सहसा मारत नाही. केनियातला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा असतो. आपल्या गडचिरोलीत काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, तो या जातीबद्दल आदरानेच बोलेल. उपचार वेळेवर झाले तर हा आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं यांवर दोन-चार दिवसांत घाला घालतो. तिथल्या गावातल्या मोठ्या माणसांमध्ये पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. पुण्याच्या फ्लॅटमधून गेलेल्या आपल्या अंगात ती नसते. शिवाय यलो फीव्हरची लस मलेरियापासून अजिबात संरक्षण देत नाही. "इंजेक्शन घेतलंय, आता डासांची काळजी नाही" हा समज मी सुशिक्षित घरांतही पाहिलाय.

नैरोबी शहर उंचावर आहे, तिथे धोका कमी. पण मसाई मारा, मोंबासाचा किनारा, व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर इथे धोका आहे. या प्रवासाआधी मलेरिया टाळण्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचाराच. मुख्य पर्याय तीन आहेत.

पहिला, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज एक, आणि परतल्यावर सात दिवस. त्रास कमी, पण महाग, आणि प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही, म्हणून आधीच मागवून ठेवावी लागते. मूत्रपिंडं खूप कमजोर असतील तर चालत नाही.

दुसरा, डॉक्सिसायक्लिन. स्वस्त आणि सहज मिळणारी. एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज, आणि परतल्यावर चार आठवडे. भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. उन्हाने त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत.

तिसरा, मेफ्लोक्विन. आठवड्यातून एक गोळी, पण निदान दोन आठवडे आधी सुरू करावी लागते आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते. नैराश्य, फिट्स किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना नको.

यातली कोणती गोळी, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमची बाकीची औषधं बघून ठरवायचं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर ते जरूर सांगा. घरात उरलेली क्लोरोक्विन घेऊन जाऊ नका. तिथल्या फाल्सिपेरमवर तिचा भरवसा राहिलेला नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती परतल्यावर. घरी आलं, बॅगा रिकाम्या झाल्या, फोटो ग्रुपवर टाकले, आणि गोळ्या बंद. डास चावल्यावर मलेरियाचा जंतू आधी काही दिवस यकृतात वाढतो आणि मग रक्तात उतरतो. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा हिशेब तुम्ही घरी आल्यावर चुकता होतो. म्हणून परतल्यानंतरचे सात दिवस किंवा चार आठवडे हे औषधाचाच भाग आहेत.

गोळ्या असल्या तरी डास टाळायचेच. मलेरियाचा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. लॉजमध्ये शेकोटीभोवती गप्पा मारत बसण्याची वेळ हीच. पूर्ण बाह्या, पायमोजे, डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं क्रीम किंवा स्प्रे. आधी सनस्क्रीन, मग त्यावर हे. पलंगाला मच्छरदाणी असतेच, ती नीट खोचून झोपा. गर्द निळे आणि काळे कपडे नेऊ नका, त्यांच्याकडे त्सेत्से माशी आकर्षित होते. फिके खाकी, बदामी रंग बरे.

परतल्यावर ताप आला तर

हा परिच्छेद लेखातला सगळ्यात महत्त्वाचा. घरातल्या तरुण मंडळींनाही वाचायला द्या, कारण ऐन वेळी फोन तेच करणार.

परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत कोणताही ताप आला, विशेषतः पहिल्या महिन्यात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पहिलं वाक्य हे बोला: "मी अमुक तारखेला आफ्रिकेहून आलोय. मलेरियाची तपासणी करा." डॉक्टरांनी न विचारता बोला. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी बोला, कारण कोणतीही गोळी शंभर टक्के संरक्षण देत नाही.

तपासणी म्हणजे रक्ताचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट. पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असं होत नाही. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने ती आणखी दोनदा करायची. आणि प्लेटलेट्स डेंग्यूत कमी होतात तशाच मलेरियातही होतात, हे माझ्या पेशंटच्या कुटुंबाला फार महागात पडून कळलं. तुम्हाला ते फुकटात कळू दे.

बाकीचे कागद आणि सामान

केनियाने जानेवारी २०२४ पासून पारंपरिक व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला. तो ऑनलाइन काढायचा, निघण्याच्या निदान आठवडाभर आधी. सुरुवातीपासून त्याचं शुल्क ३० डॉलरच्या आसपास आहे. तो केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. हुबेहूब दिसणारी, दुप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांसाठी एक सामाईक पर्यटक व्हिसा आहे, पण त्यात टांझानिया येत नाही. नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याआधी एकदा, असे दोनदा तपासा.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून कडक बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित भागांत २०२० पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवरही. आपली सवय अशी की चिवडा एका पिशवीत, चपला दुसऱ्या पिशवीत आणि औषधं तिसऱ्या. या वेळी कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

औषधं मूळ पाकिटातच ठेवा. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा घरी ठीक आहे, विमानतळावर नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, नुसतं कंपनीचं नाव नको. लागतील त्यापेक्षा आठ-दहा दिवसांची औषधं जास्त घ्या आणि ती सगळी हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. तिथे ते गोठून निकामी होऊ शकतं आणि बॅग चुकली तर पंचाईत. आपल्या आणि केनियाच्या वेळेत अडीच तासांचाच फरक आहे, त्यामुळे इन्सुलिनच्या वेळा फारशा बदलाव्या लागत नाहीत.

जाता-येता दुबईत दोन दिवस उतरणार असाल तर वेगळी काळजी घ्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, काही झोपेच्या गोळ्या यांवर तिथे कडक नियंत्रण आहे आणि आधी परवानगी लागते. आणि खसखस! ती तिथे अमली पदार्थांत मोडते. बहिणीसाठी नेलेले अनारसे तुम्हाला पोलिसांपुढे उभे करू शकतात.

जीपमध्ये बसण्याआधी

नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंच आहे, सुमारे १,७०० मीटर. बहुतेकांना काही जाणवत नाही, पण हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर पहिला दिवस सावकाश घ्या. नैरोबी ते मारा हा रस्त्याचा प्रवास पाच-सहा तासांचा, शेवटी धक्के खात जाणारा. मणक्याचा त्रास असेल तर जीपमध्ये पुढची सीट मागून घ्या, लाजू नका.

एक गोष्ट मी बायकांना आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना आवर्जून सांगतो. जंगलात जीपमधून उतरता येत नाही. म्हणून मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग चक्कर, बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग. पाणी प्या, आणि गाइडला आधीच सांगून ठेवा. थांबायच्या सुरक्षित जागा त्याला माहीत असतात. लघवी जास्त होण्याची गोळी सकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

पाणी बाटलीबंद, सोबत ओआरएसची पाकिटं. लॉजवरच्या माकडांना केळं देऊन फोटो काढू नका. माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस लगेच सुरू करा.

आणि विमा. सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊ नका. रक्तदाब, मधुमेह हे आधीचे आजार लिहून घ्या, लपवलेत तर दावा नाकारतील. जंगलातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचा. केनियात १९५७ सालापासून दुर्गम भागांत विमानाने वैद्यकीय सेवा पोचवणारी ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची परंपरा आहे, पर्यटकांनाही त्यांचं संरक्षण घेता येतं. मारात छातीत दुखलं, तर नैरोबी रस्त्याने सहा तासांवर आहे, हे विसरू नका.

आमचीही जबाबदारी आहे

सहली नेणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या यादीत टोपी, दुर्बीण, कार्ड सगळं असतं. त्यात "मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना भेटा" ही एक ओळ घाला. गिऱ्हाईक घाबरेल अशी भीती वाटते, पण घाबरलेला माणूस सहल रद्द करत नाही, तो डॉक्टरकडे जातो. माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगतो, तापाच्या प्रत्येक पेशंटला विचारा, "गेल्या तीन महिन्यांत कुठे प्रवास केलात?" दहा सेकंद लागतात. मी ते आता प्रत्येकाला विचारतो. आणि केनियाचं नाव निघालं की यलो फीव्हरच्या आधी मलेरियाबद्दल बोलतो.

तुम्ही जाणार असाल तर निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा. सगळ्या औषधांची चिठ्ठी न्या. लस, गोळ्या, विमा या क्रमाने विषय संपवा. परतीच्या तिकिटाशेजारी एका कागदावर लिहून ठेवा: "ताप आल्यास मलेरिया तपासा." तो कागद फ्रिजवर तीन महिने राहू द्या.

काउंटरवरचा अधिकारी तुमचं कार्ड बघेल, शिक्का मारेल आणि पुढच्या माणसाला बोलावेल. तुमच्या तब्येतीची चौकशी करणं त्याचं काम नाही. ती तुम्हीच करायची आहे, आणि निघण्याआधी.

मारा डोळे भरून बघा. आणि घरी परत आलात की गोळ्या पूर्ण करा.